बाहीवरची हळद

साबण घासला आणि डाग लाल झाला. झालं ते एवढंच. आप्पांच्या खाकी शर्टाच्या उजव्या बाहीवर, मनगटापासून चार बोटं वर, एक पिवळट ओघळ होता. सुगंधानं त्यावर साबणाची वडी दोनदा ओढली मात्र, तो असा काही लाल झाला की आधी तिला वाटलं आपलंच बोट कापलं. तिनं बोट बघितलं. बोट धड होतं. तांब्याभर पाणी ओतलं तर डाग परत पिवळा. साबण, लाल. पाणी, पिवळा. दहावीला पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीला हे काय ते कळायला एकदा पुरे होतं, पण तिनं पाच वेळा करून बघितलं, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकताना तिच्या वाट्याला नेहमी अर्धाच कागद यायचा. हळद होती ती. दर खेपेला जबानी फिरवणारा साक्षीदार असावा तशी ती बाही समोर धरून सुगंधा मोरीत उकिडवी बसून राहिली. बाहेर बोईसरची रविवार सकाळ चालली होती. शेजारच्या भय्यांच्या खोलीत रेडिओ लागला होता, कुणीतरी कुणाला तरी "अरे पानी छोड दे" म्हणून ओरडत होतं, आणि तिच्या डोक्यात एकेक दिवा लागत होता, आणि एकही दिवा तिला आवडत नव्हता.

कारण आई पंधरा दिवसांपासून शेवगावला, मावशीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात हळदीच्या डब्याला हात लावणारी एकटी सुगंधा. आप्पा म्हणजे मीठ कुठंय हे विचारायलासुद्धा गावाकडे पत्र टाकतील असे. शिवाय हा शर्ट सापडला कुठं? खुंटीवर नाही, बादलीत नाही. ट्रंकेच्या मागे, गुंडाळी करून, भिंत आणि ट्रंक यांच्या फटीत कोंबलेला. माणूस मळका शर्ट ट्रंकेमागे का कोंबतो? हा प्रश्न तिनं स्वतःला मोठ्यानं विचारला. अलीकडे ती पुष्कळ गोष्टी मोठ्यानं विचारायला लागली होती. ऑगस्टात तालुक्याच्या निबंध स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला वाटे की आपल्या डोळ्यांना आता नवी धार आली आहे, आणि ती धार ज्याच्या त्याच्यावर चालवून बघण्यात तिला भारी मजा यायची. किराणावाल्याच्या तराजूवर, बाईंच्या गैरहजेरीच्या कारणांवर, वर्गातल्या चिमीच्या नव्या रिबिनींवर. पण ही धार कधी आप्पांवर येईल असं तिनं धरलं नव्हतं. ते जरा वाईटच होतं. आणि खोटं कशाला बोला, आत कुठंतरी मजाही वाटत होती, आणि त्या मजेचीच तिला भीती वाटली.

हा शर्ट आप्पांनी कधी घातला होता ते तिला पक्कं माहीत होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी. लग्नाच्या दिवशी. लग्न म्हणजे प्लेटींचं लग्न, आप्पांचाच शब्द. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली त्यांची कंपनी जे करायची ते दुसरं कुणी करत नाही असं आप्पा शेवगावला गेले की सांगायचे, आणि शेवगावची माणसं तोंडं उघडी टाकून ऐकायची. जाड पोलादाची प्लेट आणि पातळ स्टेनलेसची प्लेट, दोन्ही चटईएवढ्या, अख्ख्या अंगानं एकमेकींना चिकटवायच्या. कडेकडेनं वेल्डिंग मारून भागत नाही, मध्ये पोकळ राहतं. मग काय करायचं, तर मासवणच्या पुढे एका पडीक दगडखाणीत रेतीचा ओटा करायचा, त्यावर जाडी प्लेट निजवायची, तिच्यावर पातळ प्लेट जरा अधांतरी धरायची, बोटभरही नाही इतकी फट ठेवून, आणि वर बारूद पसरायची, पापड्यांचा चीक पसरावा तशी सारख्या थराची. सगळी माणसं आडोशाला. एका टोकाला बत्ती. धडाम्! डोळ्याचं पातं लवायच्या आत वरची प्लेट खालचीवर अशी काही आदळते की दोन्हींचा एक धातू होतो. विस्तव नाही, वितळणं नाही. नंतर कापून घासून बघितलं तर जोडावर बारीक लाटा दिसतात, ओहोटीनंतर चिंचणीच्या वाळूवर दिसतात तशा. मधल्या फटीला आप्पा अंतरपाट म्हणायचे. बत्ती लावायच्या आधी लाल निशाण दाखवून "सावधान!" अशी हाळी द्यायचं काम त्यांचंच, आणि तेसुद्धा ते भटजींच्या सुरात द्यायचे, आणि गोमा खाणीच्या कपारीमागून ओरडायचा, "अक्षता टाका रं!"

गोमा. सुगंधानं शर्ट बादलीत सोडला. गोमाकाका मासवणजवळच्या पाड्यावरचा. सहा वर्षं आप्पांच्या जोडीला, रोजावर. येत्या जानेवारीत कायम होणार होता. प्लेटींची तोंडं, म्हणजे जी दोन अंगं एकमेकींना भिडणार ती, स्पिरिटनं पुसायचं काम त्याचं. त्या तोंडांना बोट लागलेलं चालत नाही, तेल नाही, घाम नाही; आप्पा सांगायचे की गोमा पुसतो तेव्हा श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडतो. आणि त्या सोमवारचं लग्न मोडलं होतं. प्लेट कारखान्यात आणून हातोडीनं ठोकून बघतात. चिकटलेली जागा खणखणते. हिच्या एका कोपऱ्यात, भाकरीएवढ्या जागेत, बोदा आवाज आला. मग यंत्र लावून बघितलं, यंत्रानंही तेच सांगितलं. ती प्लेट तेजाबाच्या टाकीसाठी होती, भाकरीएवढी पोकळी म्हणजे सगळीच गेली. वामनराव साहेबांनी उभ्या उभ्या निकाल दिला: सफाई गोमाची, तर चूकही गोमाची. तसं त्यानं लिहून द्यावं आणि घरी बसावं. उद्या सोमवारी. हे सगळं आप्पांनी आठवडाभरात तुकड्या-तुकड्यानं सांगितलं होतं, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी म्हणाले होते, "काय करावं, माणूस चुकतो." आता बादलीत हात घालून सुगंधाला ते वाक्य निराळंच ऐकू आलं. माणूस. कोणता माणूस? आप्पांनी नाव कधीच घेतलं नव्हतं.

आणि मग, खरं म्हणजे मघापासून जे दाराशी उभं होतं आणि जे ती आत घेत नव्हती, ते आलंच. खंडेनवमी. कंपनीत यंत्रांची पूजा, घरच्यांना बोलावणं, पेढे, झेंडूच्या माळा लेथला, माळा क्रेनला. आई गावी, म्हणून सुगंधा एकटीच आप्पांबरोबर, नवा पंजाबी ड्रेस घालून, सगळ्या यंत्रांना नावानं विचारत फिरलेली. साहेबांनी प्लेटींच्या थप्पीवर वरून नारळ ओवाळला. लोक पेढ्यांकडे वळले. तेव्हा आप्पांनी तिला खूण केली. कोपऱ्यात लाकडी घोडीवर पातळ प्लेट उभी होती, प्लास्टिक पांघरून. त्यांनी प्लास्टिक वर केलं. आरसा! सुगंधाला आपलं तोंड दिसलं, जरा लांबट, पण बरं दिसलं. "ही नवरी," आप्पा म्हणाले, "साहेबांनी पाठीला नारळ ओवाळला. पाठीची पूजा कोण करतं? नवरीला हळद नको का लावाया?" आणि ताटातली तेलात कालवलेली हळद त्यांनी पुढे धरली. सुगंधानं पाच बोटं बुडवली, आणि कोपऱ्यात, खाली, हलकेच उमटवली. पाच पिवळे ठिपके. केवढी हसली होती ती! "पण तोंडाला काही लागलेलं चालत नाही ना?" असंही तिनं विचारलं होतं, हो, विचारलं होतं, हे तिला आता आठवून बघावं लागलं, आणि आठवलेलं खरं की सोयीचं याचीही शंका आली. आप्पा म्हणाले होते, "बत्तीच्या आधी पुसून घेईन की मी. तू हळद लाव."

पुसून घेईन. तर हे ते पुसणं. स्पिरिटनं नाही, फडक्यानं नाही, बाहीनं. सुगंधाच्या डोळ्यांपुढे खाण उभी राहिली. ती तिथे कधी गेली नव्हती, तरी सगळं दिसलं: वामनराव साहेब घड्याळ बघताहेत, प्लेट उचलून आणलीय, आणि आप्पांना एकदम आठवतं, ते खाली वाकल्यासारखं करतात आणि कोपऱ्यावरून बाही फिरवतात. वाळलेली हळद निघते, तेल राहतं. सावधान! तिला हाळीसुद्धा ऐकू आली, आणि तिचा सूर जरा बसलेला होता. आणि मग तिला असंही वाटलं की हे सगळं मी रचतेय, निबंध लिहिताना रचते तसं. असेलही की डाळीतली हळद. एखाद्या पोरीनं सख्ख्या बापावर एवढा संशय घ्यावा? पण डाळीचा शर्ट कुणी ट्रंकेमागे लपवत नाही. तिनं शर्ट पिळला आणि दोरीवर अशा जागी वाळत घातला की दारातून आत येणाऱ्याला बाही पहिली दिसावी. मग ती पोळ्या लाटायला बसली आणि वाट बघू लागली.

आप्पा आले. दोरी बघितली. चप्पल काढायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी चप्पल काढली.

"हा कुठं घावला?"

"ट्रंकेमागे. उंदरानं नेला असेल."

"असंल," आप्पा म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. केवढं पाणी प्यायले! मग खिशातून रेघांचा कागद काढला. "सुगे, तुझं अक्षर चांगलं. जरा लिहून दे. गोमाच्या नावानं. त्याला कुठं येतंय लिहाया."

"काय लिहू?"

"लिही, मी, गोमा अमुक तमुक, माझ्याकडं सफाईचं काम होतं. माझ्या हातून कसूर झाली. मला मान्य हाय. बास. साहेब म्हणले साधं लिहा."

"आणि गोमाकाका अंगठा देतील?"

"मी सांगितलं तर देईल." हे म्हणताना आप्पांचा आवाज इतका खाली गेला की शेजारचा रेडिओ त्याच्यावरून चालून गेला.

"आप्पा, ही हळद कसली हो, बाहीवर?"

"हळद? कंपनीचं रसायन असंल ते. हजार रसायनं असत्यात तिथं."

सुगंधा लिहायला बसली. हे तिचं तिलाच कळलं नाही. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण पेन हातात आलं की तिचा हात शहाण्यासारखा वागायचा, समास सोडायचा, वर तारीख टाकायचा. सुरेख लिहिलं तिनं. 'कसूर' हा शब्द तर असा वळणदार आला की क्षणभर तिला त्याचंच कौतुक वाटलं आणि मग लगेच, भाकरी करपावी तसा वास आला आतून. या माणसानं मला सायकल शिकवली. कॅरिअर धरून पळताना "सोडलं नाही, सोडलं नाही" म्हणत केव्हाच सोडून दिलं होतं. तेव्हा ती पडली नव्हती म्हणून खोटं गोड लागलं. आज त्यांनी काय सोडलं होतं आणि काय धरलं होतं? तिनं तिरक्या नजरेनं बघितलं. आप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि उजवा हात डाव्या हातानं झाकून धरला होता, अंगात दुसरा शर्ट असूनही.

"मी पण येणार," ती म्हणाली. "जबानी ज्याची त्याला वाचून दाखवावी लागते. नाहीतर ती चालत नाही."

असा काही नियम आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. आप्पांनाही नव्हतं. ते आले.

पालघरला एसटी बदलून मनोरच्या बाजूची गाडी मिळाली. आप्पा खिडकीशी बसले आणि सबंध वाट बाहेर बघत राहिले, जणू सूर्या नदी त्यांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती. भात कापणीला आलं होतं. सुगंधाच्या मांडीवर वही, वहीत कागद. तिला वाटलं, यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. मग वाटलं, नाही, यांना वाटतंय की मी बावळट आहे. मग वाटलं, कदाचित हे सांगणारच आहेत, गोमाकाकांसमोर सांगायचं म्हणून तर घेऊन चाललेत. हा तिसरा विचार इतका चांगला होता की तिचा त्याच्यावर मुळीच विश्वास बसला नाही.

गोमाकाका अंगणात कुडाला शेण लावत होते. आप्पांना बघून त्यांनी हात धुतले, खाट ओढली, सगळं नेहमीसारखं, फक्त आप्पांच्या तोंडाकडे बघितलं नाही. ठकीकाकी दारात बसून गोधडी, पातेली, कोयता असं काय काय एका मोटेत बांधत होती.

"कुठं निघालात?" सुगंधानं विचारलं.

"वीटभट्टीवर, बाय. भिवंडीकडं." ठकीनं गाठ दातानं ओढली. "सा वर्सं नव्हतो गेलो. आता जायाचं. तुमच्या वामन साहेबाची मर्जी."

"गप ग," गोमा म्हणाला.

"काय गप? मी काय साहेबाच्या तोंडावर बोलतंय? बसा, पंढरीभाऊ, तुमी बसा. च्या हाय. दूद नाय."

आप्पा खाटेच्या अगदी काठावर बसले. "सुगी वाचून दाखवती," ते म्हणाले. "मग अंगठा दे. चार महिन्यांनी मी साहेबांना सांगून तुला परत घेतो बघ, गोमा."

"तू घेशील," गोमा म्हणाला. विचारल्यासारखं म्हणाला की मान्य केल्यासारखं, ते तिला कळलं नाही.

सुगंधानं वाचलं. शाळेत बक्षीस-समारंभात वाचतात तसा तिचा आवाज आपोआप चढला होता. तो तिनं ओढून खाली आणला. मी, गोमा. सफाईचं काम. माझ्या हातून कसूर. मला मान्य. चार ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो. पण ठकीकाकीची गाठ थांबली, कोंबडी अंगणातून चालत गेली, आणि वाचून झाल्यावर गोमानं बराच वेळ कागदाकडे बघितलं, येत असल्यासारखं.

"झालं?" तो म्हणाला. "यात बाहीचं नाय लिवलं?"

आप्पांचा हात बाहीकडे गेला.

"मी पुसलं होतं तवा कोपऱ्यावर प्लास्टिक तसंच हुतं. मी म्हणलं, प्लास्टिक कोणी ठेवलं? तर हा आपला पंढरीदादा म्हणला, ऱ्हाऊ दे, तेवढं मी बगतो. मग मी बारूद आणाय गेलो. येऊन बगतो तर दादा खाली वाकून बाही घासतोय." गोमानं आपल्याच उघड्या मनगटावरून हात फिरवून दाखवलं, दोनदा, घाईघाईनं. "आमाला वाटलं, दादा घासतो ते बराबरच घासत असंल. आमी काय इचारणार? पण मग कागदात ते पायजे ना. माझा आंगठा हाय, तर माझ्या डोल्यांनी बगलं ते पायजे."

सुगंधानं आप्पांकडे बघितलं. तिला वाटलं होतं की हा क्षण आला की आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. सगळं जुळलं होतं, बाही, ट्रंक, पाणी, सगळं, तिनं मोरीत बसून रचलं होतं त्याहून एक प्लास्टिक जास्तच. पण आप्पा खाटेच्या काठावर एवढेसे दिसत होते. "रोजाचं काम हाय तुझं," ते पुटपुटले, "तुला कुठंबी मिळंल, गोमा. माझी पोरगी दहावीला हाय. क्वार्टर जाईल. मला दुसरं काय येतंय? हाळी द्यायला येती नुसती." मग आणखी खाली: "आणि हळद तिनं लावली. तिचं नाव कसं घेऊ मी साहेबासमोर?"

अच्छा! म्हणजे ही. इतके दिवस ट्रंकेमागे शर्टाबरोबर हीसुद्धा गुंडाळून ठेवली होती, सुगंधा. तिला एकदम राग आला, आणि रागाबरोबर असं मायेनं भरून आलं की दोन्ही एकदम गिळता येईनात, आणि तेवढ्यातही डोक्यातला तो नवा धारदार कोपरा विचारत होताच: हे खरं, की आत्ता सुचलं? माझ्यासाठी लपवलं की माझ्यामागे लपले? दोन्ही असेल. दोन्ही इतकं घट्ट चिकटलेलं असेल की कितीही ठोकून बघितलं तरी एकाच सुरात वाजेल.

तिनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागली, आणि एकेक शब्द लिहील तसा मोठ्यानं म्हणू लागली, म्हणजे कुणाला नंतर असं नको की हिनं काय लिहिलं कोण जाणे.

"खंडेनवमीला मी, सुगंधा, प्लेटीच्या तोंडावर तेलातल्या हळदीची पाच बोटं लावली. वडिलांनी सांगितलं म्हणून लावली, आणि मला आवडलं म्हणूनही लावली."

"सुगे," आप्पा म्हणाले.

"ती बोटं पुसायचं काम वडिलांनी घेतलं होतं. ते विसरले. मग बाहीनं पुसली. गोमा यांनी आपली सफाई बरोबर केली होती. त्यांना कोपऱ्याला हात लावू दिला नाही."

"ते 'हात लावू दिला नाही' चांगलं लिवलंस," गोमा म्हणाला.

"अजून लिव," ठकी म्हणाली, "का भट्टीवर माणसं खोकून मरतात."

"ते यात बसत नाही, काकी."

"बसव की. कागद एवढा मोठा हाय."

सुगंधानं खाली तारीख घातली. नाव लिहिलं. आपली सही केली, जी ती तीन वर्षं वह्यांच्या पाठी गिरवत होती आणि आजवर कुणी कधी मागितली नव्हती. मग पेन आप्पांपुढे धरलं. आप्पांनी पेन घेतलं नाही. त्यांनी आधी गोमाकडे बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा.

"उद्या साहेब मला काढतील," ते म्हणाले.

"काढल," गोमा म्हणाला. त्यानं खोटा धीर दिला नाही. "नायतर नाय काढणार. तू हाळी बरी देतोस."

ठकीनं मोटेतलं पातेलं काढून उपडं घातलं आणि आप्पांसमोर सरकवलं, टेकायला. "करा भाऊ. च्या उकळतो तवर करा."

आप्पांची सही लांबलचक होती, पंढरीपासून आडनावापर्यंत सगळी अक्षरं सुटी सुटी. ते एकेक अक्षर काढत असताना सुगंधा वाकून बघत होती: नाव खरं लिहिताहेत ना, मध्येच काही गाळत तर नाहीत. शेवटचा काना झाला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि सवयीनं आपल्या खिशाकडे नेली.

"आणा इकडे," सुगंधा म्हणाली.

"का? माझ्यावर भरोसा नाय?"

ती विचारात पडली. खरोखरच पडली, हे उत्तर तिला सुंदर करून द्यायचं नव्हतं.

"आज नाही," ती म्हणाली. "उद्या मी शाळा बुडवून कंपनीच्या फाटकावर येणार आहे."

आप्पांनी घडी तिच्या हातावर ठेवली. घडी कोमट होती. ठकीनं काळा चहा चार भांड्यांत ओतला, आणि मोट तशीच अर्धी बांधलेली ठेवून ती आप्पांच्या शेजारी खाटेवर येऊन बसली.